बुनाकेनची भिंत आणि आपलं शरीर

"डॉक्टर, सुट्टीत स्कुबा करायचा विचार आहे. काही हरकत नाही ना?"

पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारत नव्हतं. आता दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या आधी तो हमखास येतो. विचारणारे बहुतेक जण मालवण-तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आलेले असतात. तिथे इन्स्ट्रक्टरने मागून धरलेलं असतं, दहा-पंधरा मिनिटं मासे बघून झालेले असतात आणि अंगठा वर करून फोटोही निघालेला असतो. (पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'मला वर जायचंय'. 'सगळं ठीक' म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करतात. तुमच्या त्या फोटोच्या वेळी इन्स्ट्रक्टरने किती संयम दाखवला असेल, याची कल्पना करा.) त्या अनुभवाच्या जोरावर पुढचा बेत अंदमान, मालदीव किंवा बालीचा असतो.

मी स्वतः पन्नाशीला आल्यावर अंदमानात रीतसर डायव्हिंग शिकलो आणि गेल्या वर्षी शाळेपासूनच्या एका मित्राबरोबर इंडोनेशियात बुनाकेनला गेलो. मित्र पेशाने सीए आहे, वय ५४. आजचा लेख त्या प्रवासाचा असला तरी मला सांगायचंय ते शरीराबद्दल. समुद्राखालच्या कड्यालगत उतरताना शरीराला काय कळतं आणि काय अजिबात कळत नाही, हे तिथे फार स्पष्ट दिसलं.

बुनाकेन हे सुलावेसीच्या उत्तर टोकाजवळचं छोटंसं बेट. मनाडो शहरातून बोटीने जायचं. विषुववृत्त दोन अंशांच्या आत, त्यामुळे पाणी वर्षभर अंघोळीच्या कोमट पाण्यासारखं, २७-२९ अंशांचं. १९९१ साली इथे सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. बेटाभोवती प्रवाळांचा उथळ पट्टा आहे, कुठे कमरेएवढा तर कुठे दोन-तीन पुरुष पाण्याचा. तो संपतो आणि पुढे एकदम काहीच नसतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलात तर पोटात जो खड्डा पडतो, तोच इथे पडतो. फरक एवढाच की इथे तुम्ही कड्याच्या बाहेर जाऊन हवेत तरंगावं तसे तरंगता.

भिंत अक्षरशः उभी आहे. पिंपाएवढे मोठे स्पंज, जाळीदार पंख्यासारखे प्रवाळ, कपारीत पाय पसरून झोपलेली हिरवी कासवं, आणि बाहेरच्या निळाईत काळपट-निळ्या ट्रिगर माशांचे थवे. खाली बघितलं की निळा रंग गडद होत होत काळा होतो. मनाडोच्या या समुद्रातल्या कड्याकपारींत सीलाकान्थ नावाचा मासा राहतो. हा मासा डायनोसॉरबरोबरच नष्ट झाला असं शास्त्रज्ञ मानत होते, ते १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत एक जिवंत नमुना मिळेपर्यंत. आणि १९९७ साली मनाडोच्या मासळीबाजारात मार्क एर्डमन या जीवशास्त्रज्ञाला तसाच एक मासा हातगाडीवर दिसला. तो तिथे मधुचंद्रासाठी गेला होता! स्थानिक कोळ्यांना मासा आधीपासून माहीत होता, त्यांनी त्याला नावही दिलेलं होतं: 'राजा लाउत'. लाउत म्हणजे समुद्र. राजा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

हे राजेसाहेब दीडशे मीटरच्या आसपास आणि त्याहून खाली राहतात. माझ्यासारख्या हौशी माणसाची परवानगी ३० मीटरपर्यंत. भिंतीवर मात्र ३० मीटरची रेघ कोणी मारून ठेवलेली नसते.

आता शरीराकडे येऊ.

हवेचं आपल्यावर एक वातावरणाचं ओझं असतंच. पाण्यात दर १० मीटरला तेवढंच ओझं वाढतं. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. शरीर मुख्यतः पाण्याचं बनलेलं असल्यामुळे हातपाय चेपले जात नाहीत. दाब कळतो तो जिथे हवा भरलेली आहे तिथे: मधला कान, सायनस आणि फुफ्फुसं.

कान सगळ्यात आधी बोलतो. पडद्यामागची हवा दाबाने आक्रसते, पडदा आत खेचला जातो आणि मीटर-दीड मीटरवरच दडा बसल्यासारखं वाटतं. मधल्या कानातून घशाकडे एक बारीक नळी जाते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं किंवा आवंढा गिळला की ती उघडते, ताजी हवा आत जाते आणि कान मोकळा होतो. हे दुखायला लागण्याआधी करायचं, आणि दर थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा करायचं. दुखायला लागल्यावर जोर लावून फुंकणं सर्वात वाईट. त्याने आतल्या कानाला इजा होऊन चक्कर, कानात आवाज आणि कधी कायमचा बहिरेपणाही येऊ शकतो.

पहिल्या दिवशी माझ्या मित्राचा डावा कान तीन मीटरवर अडला. आमचा गाइड तिथलाच मिनाहासा माणूस, इंग्रजी मोजकंच. त्याने मित्राला हाताने एक मीटर वर नेलं, थांबवलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. सात मिनिटं गेली. बाकीचे लोक कड्यापाशी ताटकळत होते. मित्राने हातानेच 'जाऊ दे, चला' अशी खूण केली, तर गाइडने मान हलवली आणि त्याच्या कानाकडे बोट दाखवलं. शेवटी कान सुटला. बोटीवर आल्यावर गाइड म्हणाला, "पाक, पहिले कान, मग कासव." पाक म्हणजे आपल्या 'काका'सारखं आदराचं संबोधन. मी ओपीडीत इतकं नेमकं वाक्य क्वचित बोलतो.

सर्दी असताना डायव्हिंग नको, हे यावरूनच लक्षात येईल. नाक मोकळं करणारा स्प्रे मारून जाणारे पुष्कळ असतात. त्याचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना प्रसरण पावणारी हवा कानात किंवा सायनसमध्ये अडकते. खाली जाताना कान अडला तर माणूस परत वर येऊ शकतो. वर येताना अडला तर? हवा संपत आलेली असते आणि वर येण्याशिवाय मार्ग नसतो.

फुफ्फुसांचा नियम याहून सोपा आणि याहून कडक आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. टाकीतून येणारी हवा रेग्युलेटर तुम्हाला त्या खोलीच्या दाबाने देतो. १० मीटरवर भरून घेतलेला श्वास कोंडून पृष्ठभागावर आलात तर त्या हवेचं आकारमान दुप्पट होऊ पाहतं. छातीत तेवढी जागा नसते. फुफ्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटून हवा छातीच्या पोकळीत किंवा थेट रक्तात शिरू शकते आणि रक्तातून मेंदूत. यासाठी फार खोल जावं लागत नाही. पूर्ण भरलेला श्वास रोखून मीटर-सव्वा मीटर वर आलेल्यांनाही अशी इजा झाल्याची नोंद आहे. पृष्ठभागाजवळच दाबातला बदल प्रमाणाने सर्वात मोठा असतो, म्हणून 'आम्ही काय, पाच-सहा मीटरच जाणार' हे समाधान कान आणि फुफ्फुसांच्या बाबतीत खोटं आहे.

आता भिंतीची खासियत. सपाट तळावर डाइव्ह करताना खालची वाळू तुम्हाला आपोआप थांबवते. भिंतीवर थांबवणारं काही नाही. आणि एकदा कान मोकळे करण्याची सवय हाताला लागली की खोली कळण्याचं दुसरं कोणतंही इंद्रिय आपल्याकडे नाही. २० मीटर आणि ३५ मीटर अंगाला सारखेच लागतात. स्वच्छ पाण्यात उजेडही फसवतो. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, पण डोळे त्याला इतके सरावतात की काही हरवलंय असं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही २२ मीटरवर भिंतीलगत वाहत होतो. एक मोठं कासव कपारीतून निघालं आणि पंख पसरलेल्या घारीसारखं तिरकं खाली सरकू लागलं. मित्र कॅमेरा घेऊन त्याच्या मागे. मी माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे पाहिलं, मी जागेवरच होतो. मित्र माझ्या पायांच्या बराच खाली गेलेला दिसला. गाइडने धातूची सळई टाकीवर आपटली, टण टण टण. मित्राने वर बघितलं नाही. मग गाइडच सरळ खाली गेला, त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि शांतपणे त्याला वर घेऊन आला. मला तो अर्धा मिनिट फार लांब वाटला. मित्राच्या घरी त्याची बायको आणि दोन मुली माझ्या भरवशावर होत्या, हेही त्या अर्ध्या मिनिटात आठवून गेलं.

बोटीवर मित्र मनापासून म्हणाला, "अरे, मी खाली गेलोच नाही. कासवाच्या बरोबरीने सरळ जात होतो." त्याचा कॉम्प्युटर काढून दाखवला, आकडा ३४ मीटर. तो दोन मिनिटं त्या आकड्याकडे बघत राहिला.

तो खोटं बोलत नव्हता. ३० मीटरच्या आसपास दाबाखालचा नायट्रोजन मेंदूवर दारूसारखा परिणाम करू लागतो. याला नायट्रोजन नार्कोसिस म्हणतात. कोणाला फाजील आत्मविश्वास येतो, कोणाला उगाच भीती वाटते, कोणाचं लक्ष एकाच गोष्टीवर चिकटून बसतं. वर आलं की लगेच उतरतं, हँगओव्हर नाही. पण त्या धुंदीत माणूस हवा किती उरली हे बघायला विसरतो. आणि हवा तर तिथे झपाट्याने संपते: ३० मीटरवरच्या एका श्वासात पृष्ठभागावरच्या चार श्वासांएवढी हवा जाते. वर तासभर पुरणारी टाकी खाली पाव तासात रिकामी.

नायट्रोजनचं दुसरं प्रकरण वर आल्यावर सुरू होतं. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो शरीरात काही करत नाही. दाबाखाली मात्र तो रक्तात आणि ऊतींत विरघळत जातो, सोड्याच्या बाटलीत वायू विरघळलेला असतो तसा. बाटली सावकाश उघडली तर वायू हळूहळू निघून जातो. झटक्यात उघडली तर फेस. शरीरात असा फेस झाला की सांधे दुखतात, अंगावर पुरळ येतं, मुंग्या येतात, पाय लटपटतात, लघवी अडते, क्वचित अर्धांगही होतो. हा डीकॉम्प्रेशन सिकनेस. पुलांच्या पायासाठी नदीतळाशी दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना तो एकोणिसाव्या शतकात व्हायचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग त्यानेच अधू झाला. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायचं, हे शास्त्र जॉन स्कॉट हॉल्डेनने १९०८ साली मांडलं. त्याचे प्रयोग बकऱ्यांवर होते. सांधा दुखायला लागला की बकरी पुढचा पाय उचलून धरायची, आणि हॉल्डेनला उत्तर मिळायचं.

आजचा हौशी डायव्हर मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येत नाही आणि पाच मीटरवर निदान तीन मिनिटं थांबतो. कासवाच्या त्या डाइव्हनंतर गाइडने आम्हाला आठ मिनिटं थांबवलं.

त्याच संध्याकाळी जेवताना मित्र उजवा खांदा चोळू लागला. "काही नाही रे, आखडलाय." एरवी मी बाम लावून झोप म्हणालो असतो. पण खोल डाइव्हनंतर काही तासांत दुखू लागलेला सांधा हा दुसरं काही सिद्ध होईपर्यंत डीकॉम्प्रेशन सिकनेसच समजायचा असतो. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन वाट बघणं म्हणजे वेळ घालवणं. रिसॉर्टवर ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, ते मास्कने लावलं. शुद्ध ऑक्सिजनने नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. फोनवरून डायव्हिंगच्या डॉक्टरांशी बोललो आणि रात्रीच बोटीने मनाडो गाठलं. मित्र वाटभर कुरकुरत होता. बोटीचे पैसे, उद्याची डाइव्ह, परवाचं विमान. सीए आहे तो.

तिथल्या डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत मज्जासंस्था तपासली, एका रेषेवर चालवून पाहिलं, खांदा सगळ्या बाजूंनी फिरवला. हात एका ठरावीक कोनात नेला की दुखायचं, एरवी नाही. दाबल्यावरही दुखायचं. मग त्यांनी विचारलं, "आदल्या दिवशी काही जड उचललं होतं?" मित्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिंगापूरला बॅग बेल्टवरून ओढताना एक सणक आली होती." मला हे सांगावं असं चार दिवसांत त्याला वाटलं नव्हतं! डीकॉम्प्रेशनचं दुखणं सहसा हालचालीने फारसं बदलत नाही, खोलवर ठसठसत राहतं. डॉक्टरांनी स्नायूचं दुखणं ठरवलं, तरी रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, पुढची डायव्हिंग बंद केली आणि विमान पुढे ढकलायला लावलं. ते दुखणं शंभर टक्के बॅगेचं होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. तोच प्रसंग पुन्हा आला तर तीच बोट पुन्हा काढेन, कुरकुरीसकट.

विमानाचं विसरू नका. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. सोड्याची बाटली पुन्हा थोडी उघडल्यासारखंच ते. रोज दोन-तीन डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको, २४ ठेवले तर उत्तम. बेत आखताना शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा. मासळीबाजार बघा.

राहिलं हृदय. मानेपर्यंत पाण्यात उतरलं की हातापायांतलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे ढकललं जातं. हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, म्हणून ते मूत्रपिंडांना कामाला लावतं. डाइव्हच्या विसाव्या मिनिटाला लघवीची घाई होण्याचं कारण हे. (म्हणून पाणी कमी पिऊ नका. शरीर कोरडं पडणं जास्त वाईट.) निरोगी हृदय हा भार सहज पेलतं. अनियंत्रित रक्तदाब असेल, किंवा रक्तवाहिन्यांतला अडथळा अजून कळलाच नसेल, तर तेच हृदय प्रवाहाविरुद्ध पोहताना गडबडू शकतं. पोक्त वयाच्या डायव्हर्सच्या मृत्यूंमागे हृदय हे एक प्रमुख कारण आहे. शार्कचं नाव त्या यादीत शोधावं लागतं.

म्हणून डायव्हिंगच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये वयाचा प्रश्न ४५ पासून सुरू होतो. आंतरराष्ट्रीय फॉर्मच्या पहिल्या पानावर दहा प्रश्न आहेत. तो बहुधा बोटीवर चढायच्या वेळी हातात येतो, वारा सुटलेला असतो, मुलं घाई करत असतात, आणि सगळ्यावर 'नाही' अशी खूण होते. 'हो' लिहिलं तर डॉक्टरचं पत्र लागू शकतं, हे तोवर सगळ्यांना कळलेलं असतं. माझी विनंती आहे की तो फॉर्म घरीच, निघायच्या महिनाभर आधी भरा आणि 'हो' आलं तर घेऊन या. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, कानाचं ऑपरेशन, फुफ्फुस कोलमडण्याचा जुना प्रसंग, पूर्वी झालेला गंभीर कोविड, हे सगळं बोलायचं. गरोदरपणात डायव्हिंग नाही, त्यात चर्चेला जागा नाही.

मागच्या महिन्यात एक तिशीचा तरुण आला. लग्न ठरलेलं, मधुचंद्राचं पॅकेज भरलेलं, त्यात चार डाइव्ह. त्याला प्रमाणपत्र हवं होतं. लहानपणी दमा होता, आता 'फक्त थंडीत आणि धावलं की' पंप लागतो. काही देशांतल्या मार्गदर्शक सूचना पूर्ण आटोक्यातल्या दम्याला चाचण्यांनंतर परवानगी देतात, पण व्यायामाने किंवा थंड हवेने उठणाऱ्या दम्याला नाही. टाकीतली हवा कोरडी आणि थंड असते. श्वासनलिका खाली आकुंचन पावली तर वर येताना तिच्यामागे हवा अडकते, मग फुफ्फुस फाटण्याचं जे वर सांगितलं ते श्वास न रोखताही घडू शकतं. मी त्याला ट्रेडमिलवर पळवून आधी आणि नंतर फुंकायला लावलं. नंतरचा आकडा चांगलाच खाली आला. मी सही केली नाही.

तो नाराज झाला. म्हणाला, "दुसरीकडे मिळेल." मिळेलही. मी त्याला एवढंच म्हटलं की बायकोला हा कागद दाखव आणि मग दोघांनी ठरवा.

चार दिवसांनी दोघं मिळून आली. प्रश्न तिचा होता: मग आम्ही तिथे करायचं काय? मी बुनाकेनचे फोटो काढले. तिथे भिंतीचा माथा बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटरवरच आहे. मास्क आणि स्नॉर्केल लावून, लाइफ जॅकेट घालून, पृष्ठभागावर पालथं तरंगलं तरी कड्याची धार, पंख्यासारखे प्रवाळ आणि खालची निळाई दिसते. नियमित औषध सुरू करायचं, महिन्याने पुन्हा तपासायचं, पंप बोटीवर हाताशी ठेवायचा, एकट्याने पाण्यात जायचं नाही, धाप लागली तर लगेच बाहेर. तिने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. तो फोटो बघत होता. "पण कासवं तर खाली असतात ना?" मी म्हटलं, कासवालाही श्वास घ्यायला वर यावंच लागतं.